‘हंसिणीचं लग्न’ : सुधारून वाढवलेली आवृत्ती

एका जंगलात, बाळांनो, वाचनाची फार आवड होती. जंगलात कसली आली आवड, असं विचारू नका. ऊन डोक्यावर आलं की करायला काही नसतं आणि बोलायला पुष्कळ असतं. अशा जागी वाचनाची आवड आपोआप उगवते.

त्या जंगलात एक विहीर होती. विहिरीवर वाकलेली एक शिंदी होती. शिंदीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती लोंबत होती. आणि त्या वस्तीत दर बाजाराच्या दिवशी ‘हंससाहित्य वाचक मंडळ’ भरत होतं.

आता गंमत ऐका. त्या जंगलात हंस एकही नव्हता. कधीच नव्हता. पण फार वर्षांपूर्वी, हिवाळ्यात लांबून येणाऱ्या पाहुण्या बदकांनी एक कादंबरी आणली होती. थंड मुलुखातली, दोनशे वर्षांमागची. नाव ‘हंसिणीचं लग्न’. बदकं परत गेली. कादंबरी राहिली.

तिच्यातली गोष्ट अशी. एक धुक्यातलं तळं होतं. तिथल्या रीती कडक. तिसऱ्याने ओळख करून दिल्याशिवाय हंसाने हंसिणीशी बोलायचं नाही. एकाच हंसाबरोबर लागोपाठ दोनदा नाचलं तर गावभर बोभाटा. बाहेर पडताना पंखांत मोजे. त्या तळ्यावर एक हंसीण राहत होती. तिचा जीव एका साध्या हंसावर जडला. हंस गुणी, पण त्याच्या नावावर तळं नव्हतं. हंसिणीच्या आत्याने मोडता घातला. हंस दूरदेशी गेला. हंसीण झुरली. शेवटी धुकं विरलं, हंस परत आला, आणि येताना त्याला मेलेल्या काकाचं भलं मोठं तळं मिळालेलं होतं. लग्न झालं. दौलतीपेक्षा प्रेम मोठं, असं ही कादंबरी सांगते. प्रेम जिंकलं, वर तळंही मिळालं. व्यवहार म्हणून पाहिला तर फार चोख.

सगळं जंगल या कादंबरीवर लुब्ध होतं. मंडळाची सभा सुरू व्हायची ती ‘काय धुकं पडलंय आज’ या वाक्याने. वैशाखातसुद्धा. रानतुळशीचा काढा पिताना सभासद एक नखी हवेत धरायचे. हंस तशी धरतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

मंडळाच्या अध्यक्षा होत्या अनसूयाबाई. सुगरण पक्षीण, अंगाने भरलेल्या, बोलायला ठाम. सगळी वस्ती त्यांना आत्याबाई म्हणायची. बोलण्याआधी त्या चोच फांदीवर दोनदा पुसायच्या, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मग बोलायच्या. कादंबरीतली आत्या जिथे म्हणते, ‘तळं नाही तर लग्न नाही,’ त्या पानाशी आलं की आत्याबाई पुस्तक खाली ठेवायच्या. किती दुष्ट असतं एकेक माणूस, म्हणजे हंस, असं म्हणून त्या डोळे टिपायच्या.

पुढे जंगलात नवीच टूम निघाली. जुनी हंसीण आजच्या काळात आणून लिहायची. रानडुकराने लिहिली, तिच्यात तळ्याच्या जागी चिखल आणि नाचाच्या जागी लोळण. वटवाघळाने लिहिली, ती शेवटाकडून सुरू होऊन आरंभाशी संपली. एकाने तर हंसिणीला लग्न सोडून खुनांचा तपास करायला लावलं. ते पुस्तक सगळ्यांत जास्त खपलं.

आणि प्रत्येक पुस्तकावर मंडळ मत द्यायचं. मत देणं हेच तर मंडळाचं काम.

मतं दोन प्रकारची. एक घोरपडकाकांचं. घोरपड एकदा दगडाला चिकटली की सुटत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. काका मूळ कादंबरीला तसे चिकटले होते. त्यांचं म्हणणं, थोरांच्या लिखाणाला हात लावूच नये. हंस तो हंस, धुकं ते धुकं. दुसरं मत खारूताईचं. तिचं म्हणणं, सगळं बदला, जग कुठे चाललंय. हंसिणीचा स्वतःचा अक्रोडांचा धंदा दाखवा. पण नाच मात्र ठेवा. आणि पंखातले मोजेही ठेवा, ते फार गोड दिसतात.

मला यावरून माझ्या दुकानातलं एक गिऱ्हाईक आठवतं. फराळाच्या दिवसांत यायचं. म्हणायचं, शेठ, चकली द्या, अगदी आजीच्या हातची हवी, पण तळलेली नको, तिखट नको, आणि काटे टोचतात ते नकोत. मी फुटाणे बांधून द्यायचो. चार दिवसांनी येऊन सांगायचं, बरी होती, पण जुनी चव राहिली नाही हो. मी म्हणायचो, खरंय. गिऱ्हाइकाशी वाद घालू नये. वाचकाशी तर मुळीच नाही.

असो. गोष्ट पुढे नेऊ.

आत्याबाईंची एक भाची होती. नाव वेणू. आईबाप नव्हते, आत्यानेच चारा भरवून मोठी केलेली. वेणू आता लग्नाची झाली होती.

इथे तुम्हाला सुगरणींची रीत सांगायला हवी. लोकांना वाटतं, घरटं मादी विणते. तसं नाही. विणतो नर. तो गवताची पाती फाडून आणतो, अर्धं घरटं विणतो आणि थांबतो. मग मादी येते. खाली लटकून चोचीने गवत ओढून बघते. पसंत पडलं तर आत बसते, आणि नर उरलेलं अर्धं पुरं करतो. नाही पडलं तर ती उडून जाते, तो दुसरं विणायला घेतो. मला ही रीत फार शहाणपणाची वाटते. अर्धा माल बघून सौदा. फसलं तरी नुकसान अर्धंच.

पण अलीकडे वस्ती सुधारली होती. घरटं बघायला मादी जाईनाशी झाली. तिला काय कळतंय, म्हणून तिची आत्या जायची. आणि आत्या गवत ओढत नसे. जागा कुठली, एवढं विचारायची.

वेणूसाठी आत्याबाईंनी दौलतराव पाहून ठेवला होता. दौलतरावाची घरटी शिंदीवरच, थेट विहिरीच्या वर, म्हणजे सापाची भीती नाही. एक नव्हे, तीन घरटी. आतून ओल्या मातीचा गिलावा, आणि गिलाव्यात काजवे बसवलेले. रात्रभर उजेड. आत्याबाई ते काजवे बघून आल्या आणि दोन दिवस दुसरं काही बोलल्या नाहीत. गवत त्यांनी ओढून पाहिलं नाही. इतक्या मोठ्या घरच्या गवताला चोच लावणं बरं दिसत नाही.

वेणूने लावली. एका दुपारी जाता जाता सहज ओढलं, तर पातं सरळ तिच्या चोचीत आलं. तिने ते गुपचूप परत खोचलं.

वेणूचा जीव होता केरबावर. केरबाचं एकच अर्धं घरटं, लांब ओढ्याकाठच्या बाभळीवर. गिलावा नाही, काजवे नाहीत. पण वेणूने तिथे लटकून गवत ओढलं, एका बाजूने ओढलं, उलट्या बाजूने ओढलं, तिची चोच दुखली आणि पातं हललं नाही. कापड घेताना मी नेहमी सांगतो, उलटी बाजू बघा. सुलटी बाजू दुकानदाराची असते, उलटी विणकराची. वेणूला हे कुणी न सांगता कळलं होतं.

केरबा तिला म्हणाला, “तू हो म्हणालीस तर उरलेलं दोन दिवसांत विणतो. नाही म्हणालीस तरी हे मोडणार नाही. असू दे असंच.”

वेणूने आत्याला सांगून पाहिलं. आत्याबाईंनी चोच दोनदा पुसली. ओढ्याला पूर येतो म्हणाल्या, बाभळीला काटे असतात म्हणाल्या, एका घरट्यात पाहुणे कुठे झोपवणार म्हणाल्या. आणि शेवटी म्हणाल्या, “वेणू, हे आयुष्य आहे, कादंबरी नाही. पंचमीच्या आत दौलतरावांना होकार जायला हवा.”

वेणू रात्रभर विचार करत राहिली. आयुष्यातलं सांगितलेलं आत्याला पोचत नाही. पण कादंबरीतलं पोचतं. कादंबरीतल्या हंसिणीसाठी आत्या रडते. मग आपण कादंबरीतूनच सांगावं.

भोळी होती हो पोर. चांगली पुस्तकं वाचून असं होतं.

तिने ‘हंसिणीचं लग्न’ आजच्या काळात आणून लिहिलं. झाकपाक काही केली नाही. तळ्याच्या जागी विहीर, हंसांच्या जागी सुगरणी. नायिका एक भाची. तिला एक आत्या, वाचक मंडळाची अध्यक्षा. एक नवरदेव काजवेवाला, एक ओढ्याकाठचा. आत्या जुनी कादंबरी वाचून रडते आणि भाचीला काजवेवाल्याच्या गळ्यात बांधायला निघते. भाची बिचारी आत्याचं मन वळेल म्हणून थांबून राहते, आणि तिथे गोष्ट संपते. एवढंच नाही, गोष्टीतली आत्या बोलण्याआधी चोच फांदीवर दोनदा पुसते, हेही वेणूने लिहिलं. ओळखण्यात कसूर राहायला नको.

आत्याबाईंना भाचीचं केवढं कौतुक. आमची वेणू लिहिते, असं त्यांनी विहिरीवर पाणी प्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. पुस्तक मंडळात वाचायला घेतलं. पंचमी चार दिवसांवर आली होती. सभेच्या दिवशी वेणू फांदीच्या टोकाला बसली, आणि तिचं काळीज इतकं उडत होतं की पान हलत होतं.

काय धुकं पडलंय, असं म्हणून सभा सुरू झाली. ऊन रणरणत होतं.

घोरपडकाकांनी आधी बोलायचं, असा शिरस्ता. काका म्हणाले की पुस्तकात हंस नाहीत, हा मुख्य दोष. शिवाय मूळ नायक पहिली दीडशे पानं नायिकेशी बोलत नाही, त्यात जी गोडी आहे ती इथे नाही. हा ओढ्याकाठचा नायक आला की बोलतो. बोलून टाकलं तर कादंबरी उरते कुठे? काकांनी धुक्याची आठवण काढली. धुकं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं, पण ते नसल्याचं त्यांना फार लागलं.

खारूताईचं मत की पुस्तक पुरेसं नवं नाही. भाषा बरी आहे, काजव्यांची कल्पना सुंदर आहे, आपल्या जंगलात असं काही निघालं तर किती छान होईल. दौलतरावाची तीन घरटी तिच्या डोक्यावर लोंबत होती. आणि तिने तक्रार केली की नाच एकही नाही.

मग आत्याबाईंची पाळी. त्यांनी चोच फांदीवर पुसली. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.

“लेखिका माझी भाची आहे,” त्या म्हणाल्या, “म्हणून मी मुळीच गय करणार नाही. आत्याचं पात्र फसलंय. अतिरंजित आहे. आणि हे चोच पुसणं काय आहे? कोण पुसतं असं? लकब द्यायची म्हणून द्यायची. कृत्रिम वाटतं.”

सगळ्यांनी मान डोलावली. खारूताई म्हणाली, तिलाही ते खटकलं होतं.

मी तरुणपणी जत्रेत आरसे विकायचो. चांगली काच, सपाट पारा. गिऱ्हाईक आरसा हातात घ्यायचं, तोंड बघायचं, आणि सांगायचं, शेठ, काच वाकडी आहे. मग तोच आरसा शेजारच्या गड्याच्या तोंडासमोर धरायचं आणि म्हणायचं, आता बघा, आता बरोबर दिसतं. शंभरात नव्वद जण असंच. मला काच बदलावी लागली नाही कधी.

वेणूने आत्याचं ते बोलणं ऐकलं आणि तिचं काळीज उडायचं थांबलं. आता काही उरलं नाही, असं तिला वाटलं. पण आत्याबाईंचं मत संपलं नव्हतं. परखड मत लवकर संपत नाही.

“खरा दोष वेगळाच आहे,” आत्याबाई म्हणाल्या. “नायिका थांबते. जुन्या हंसिणीचं मी समजू शकते, तेव्हा काळच तसा होता. पण आजची मुलगी? हिला पंख आहेत, चोच आहे, चार बुकं वाचलीत हिने. ही आत्याच्या होकाराची वाट बघत बसते? मला नाही पटलं.”

वेणूने मान वर केली. “मग तिने काय करायला हवं होतं, आत्या?”

“जायला हवं होतं.”

“कुठे?”

“ओढ्यावर. दुसरं कुठे? सकाळी उठावं आणि जावं.”

“आत्याला न सांगता?”

“सांगायचंय कशाला? असल्या बाईला काय सांगायचं? आणि असल्या आत्या राहिल्यात कुठे आता? शेवट बदल, वेणू. वाचक म्हणून हे माझं स्पष्ट मत आहे.”

टाळ्यांसारखा पंखांचा आवाज झाला. खारूताईने ठराव मांडला की लेखिकेने मंडळाच्या मताचा मान राखून शेवट दुरुस्त करावा, आणि तोही पंचमीच्या आत, कारण पंचमीला वर्षाचं पारितोषिक जाहीर व्हायचं होतं. ठराव मंजूर झाला. घोरपडकाकांनी शेपूट वर केलं नाही, मत राखून ठेवलं.

सभा उठली. घरी जाताना आत्याबाईंनी वेणूला सांगितलं की उद्या दौलतरावाकडची मंडळी होकार न्यायला येणार आहेत, सकाळी लवकर उठून पिसं नीट कर.

वेणू म्हणाली, “आणि आत्या, ती दुरुस्ती? सकाळीच केली तर चालेल?”

“कर की,” आत्याबाई म्हणाल्या. “वाचकाचं मत डावलू नये, बाळ. त्याशिवाय लेखक मोठा होत नाही.”

सकाळी दौलतरावाकडची मंडळी आली. आत्याबाईंनी काढा ठेवला. मग हाक मारली. मग पुन्हा हाक मारली. वेणूच्या जागेवर पळसाचं एक पान होतं आणि त्यावर काट्याने एकच ओळ कोरलेली होती. ‘मंडळाच्या सूचनेनुसार शेवट बदलला आहे.’

काय गोंधळ झाला म्हणून सांगू. आत्याबाईंनी मंडळ गोळा केलं. पोरगी पळाली म्हणाल्या. माझ्या तोंडाला काळं फासलं म्हणाल्या. खारूताईने हळूच ठरावाची आठवण दिली. आत्याबाई म्हणाल्या, तो पुस्तकाबद्दल होता. खारूताई म्हणाली, हो, पुस्तकाबद्दलच होता. घोरपडकाका एवढंच म्हणाले की मुळात असं नाही.

शेवटी आत्याबाई स्वतः ओढ्यावर गेल्या. सगळी वस्ती मागोमाग गेली, अर्थात अंतर ठेवून.

बाभळीवर केरबा उरलेलं अर्धं विणत होता. वेणू आत बसली होती. आत्याबाई समोरच्या फांदीवर टेकल्या. मग पुढे झाल्या आणि कुणी बघत नाही असं समजून त्यांनी एक पातं चोचीत धरून ओढलं. पातं हललं नाही. त्यांनी उलट्या बाजूने ओढलं. तरी हललं नाही.

“काकाबिका आहे का कुणी याला?” त्यांनी वेणूला विचारलं. “तळं असलेला?”

“नाही, आत्या.”

“मेलेला?”

“कुणीच नाही. हा ओढाच आहे.”

आत्याबाईंनी चोच फांदीवर दोनदा पुसली. वेणूकडे पाहिलं. केरबाकडे पाहिलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि सगळ्या वस्तीला वाटलं, आता ही पोरीला जवळ घेणार. वेणूलाही वाटलं. ती दाराशी आली.

“शेवट घाईत उरकलाय,” आत्याबाई म्हणाल्या, आणि उडून गेल्या.

दौलतरावाची काळजी करू नका. त्याला पंचमीच्या आत दुसरी मिळाली. काजवे होते ना.

वेणूने पुस्तकाचा शेवट लिहून पाठवला. घडलं तसाच लिहिला. भाची जाते, आत्या येते, गवत ओढते, आणि भाचीला जवळ न घेता परत जाते. पंचमीला मंडळाचं पारितोषिक त्याच पुस्तकाला मिळालं. निकाल आत्याबाईंनीच वाचून दाखवला. सुधारलेल्या आवृत्तीत नायिका खरी वाटते, असं त्यांनी सांगितलं. शेवटचं पान वाचताना त्यांना इतकं रडू आलं की खारूताईला पाणी आणावं लागलं. किती दुष्ट ती आत्या, असं म्हणून त्यांनी डोळे टिपले.

समारंभाचं आमंत्रण जंगलात सगळ्यांना होतं. लेखिकेला नव्हतं. आत्याबाई तिच्याशी बोलत नव्हत्या.

पारितोषिकाचं पान खारूताईने पुढे सवडीने ओढ्यावर नेऊन दिलं. वेणूने ते वाचलं, घडी घातली, आणि अंड्यांखाली अंथरलं.

तात्पर्य : बाळांनो, थोर कादंबऱ्या वाचाव्यात. त्यांच्या नव्या आवृत्त्याही वाचाव्यात. आणि त्यांच्यावर मत मोठ्याने द्यावं. त्याने मत देणाऱ्यात काडीचाही फरक पडत नाही, तेव्हा भिण्याचं कारण नाही. पण घरात कुणी ऐकत असेल, तर त्याचं कल्याण होतं. आणि तुमच्यापैकी कुणाला पुढे आरशांचा धंदा करायचा असेल, तर शेजाऱ्याचा चेहरा दाखवणारा म्हणून विका. कुणी काच वाकडी म्हणणार नाही.